जॉर्जियातलं मेडिकल आणि इथली कन्सल्टन्सी: एका नर्स-आईचा अभिप्राय

माझी मुलगी जॉर्जिया देशात, राजधानी तिबिलिसीच्या एका खासगी विद्यापीठात मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी नोकरीत नर्स आहे, सध्या गुहागर तालुक्यात. नीटचा निकाल लागला की कुणाची तरी आई नाहीतर बाबा मला शोधत ड्युटीवर येतातच. "सिस्टर, तुमची मुलगी बाहेर आहे ना? कसं आहे तिकडे?" इंजेक्शनचा ट्रे हातात घेऊन सांगण्यासारखं ते नसतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. अभिप्राय दोन गोष्टींचा आहे. ज्या कन्सल्टन्सीमार्फत आम्ही गेलो ती एक, आणि प्रत्यक्ष अभ्यासक्रम दुसरी. नावं देत नाही. अशी ऑफिसं दरवर्षी नव्या नावाने उघडतात, विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतात. कन्सल्टन्सीला पाचपैकी दोन, अभ्यासक्रमाला साडेतीन.

२०२२ च्या नीटमध्ये तिला ४३८ गुण होते, खुला प्रवर्ग. तेवढ्यावर सरकारी जागा मिळत नव्हती. रत्नागिरीचं सरकारी मेडिकल कॉलेज तेव्हा सुरू व्हायचं होतं, ते २०२३ मध्ये १०० जागांनी सुरू झालं. खासगी कॉलेजची फी आमच्या दोघांच्या मिळकतीत बसत नव्हती. युक्रेनहून परत आलेल्या मुलांचे हाल त्याच वर्षी सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे "बाहेर" हा शब्द काढला की घरात सगळे गप्प व्हायचे. तरी मुलीचं मन डॉक्टरकीवरून हललं नाही, आणि मी चौकशीला लागले.

कन्सल्टन्सीचा सेमिनार चिपळूणला एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. पडद्यावर हॉस्टेल, जिम, बर्फात उभी असलेली मुलं, भारतीय मेसमधली पोळी-भाजी. तासाभराच्या त्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या वॉर्डाचा एकही फोटो नव्हता. प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, "मुलं पेशंटजवळ कितव्या वर्षी जातात? आणि पेशंटशी बोलतात कोणत्या भाषेत?" उत्तर आलं, "मॅडम, काळजीच करू नका, सगळं एनएमसी अप्रूव्ड आहे."

हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट सांगते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग म्हणजे एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही. आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांत अटी घालून दिल्या आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. तो इंग्रजीतून हवा. त्याच संस्थेत वेगळी १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळू शकला पाहिजे. सुरुवात केल्यापासून दहा वर्षांत सगळं पुरं व्हायला हवं. या अटी आपलं कॉलेज पाळतं की नाही, हे तपासायची जबाबदारी विद्यार्थ्याची आहे. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये कॉलेजचं नाव आहे, हे एजंट मोबाइलवर लगेच दाखवतात. नाव असलेलं बरंच, पण त्यावरून वरच्या अटींबद्दल काहीच कळत नाही.

त्यामुळे आम्ही विद्यापीठालाच पत्र लिहिलं. इंग्रजी मुलीचं, प्रश्न माझे. सहाव्या वर्षी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात किती आठवडे? इंटर्नशिपचं प्रमाणपत्र वेगळं मिळतं का? पदवीनंतर परवान्यासाठी तिथल्या विद्यार्थ्याला काय करावं लागतं, आणि आमच्या मुलीलाही तेच लागू आहे का? डीनच्या कार्यालयाकडून उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते विभागवार तक्त्यासकट आणि सहीशिक्क्यासह. तो कागद मी तिच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटबरोबर ठेवला आहे. कन्सल्टन्सीतल्या मुलाने मात्र तोंड वाकडं केलं. "असं कोणी विचारत नाही मॅडम," म्हणाला. मी त्याला सांगितलं, "मग यापुढे तुम्हीच सगळ्यांना हे पत्र मागवून देत जा."

त्यांनी चांगलं केलं तेही लिहिते. कागदपत्रांच्या कामात ती माणसं तयार होती. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम निराळा. हा फरक त्यांच्याच ऑफिसातल्या एका मुलीच्या लक्षात आला, तिने आधीच प्रतिज्ञापत्र करून घेतलं, त्यामुळे पुढे कुठेच अडलं नाही. अपोस्टिल म्हणजे आधी राज्याकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हे सगळं मुंबईला न जाता झालं. मार्कशीटचं जॉर्जियन भाषांतर आणि नोटरी त्यांनीच करून घेतली. विद्यापीठाची व्हिडिओवरची मुलाखत झाली. तिथे परदेशी मुलांना प्रवेश परीक्षा नसते, पण इंग्रजी समजतं का, हा विषय का निवडला, असं विचारतात आणि ते रेकॉर्ड होतं. मग तिथल्या शिक्षण मंत्रालयाचा प्रवेशाचा आदेश, मग व्हिसा. या क्रमात त्यांची कुठे चूक झाली नाही.

गुण कापले ते पैशासाठी. "वन टाइम चार्जेस" म्हणून एकच मोठा आकडा होता. कशाचे किती, हे लेखी मागितलं तर "पॅकेज आहे" एवढंच. पहिल्या वर्षाची मेस सक्तीची, पैसे आगाऊ. ती मेस मुलीला मानवली नाही, तरी पैसे परत मिळाले नाहीत. तिकडे पोचल्यावर रहिवासी कार्ड काढायला मदत करायचं ठरलेलं होतं. त्या सुमाराला इथल्या ऑफिसचा फोन लागेना, आणि शेवटी केरळच्या एका सीनियर मुलीने हिला सोबत नेऊन ते काम करून दिलं. तुम्ही पैसे द्याल तेव्हा टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता रहिवासी कार्ड हातात पडल्यावरच.

आता अभ्यासक्रम. पदवीचं नाव तिकडे एमडी (आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी), मुदत सहा वर्षं, एकूण ३६० क्रेडिट, म्हणजे वर्षाला ६०. आपल्यासारखी वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा तिकडे नसते. प्रत्येक विषयाला १०० गुण, आणि ते सत्रभर जमवायचे असतात. रोजची तोंडी, छोट्या चाचण्या, मधली परीक्षा, मग शेवटची. ५१ ला पास. ४१ ते ५० मध्ये राहिलं तर पुन्हा परीक्षेची एक संधी. त्याखाली गेलं तर विषय पुन्हा घ्यायचा, त्याचे पैसे पुन्हा भरायचे, आणि त्या विषयावर पुढचे विषय अवलंबून असतील तर तेही लांबतात. हे कोणत्याही सेमिनारमध्ये सांगत नाहीत. "तिकडे सगळे पास होतात" असं इकडे बिनधास्त बोललं जातं, ते खोटं आहे. हिच्या गटातली दोन मुलं बायोकेमिस्ट्रीत मागे राहिली आणि अजून मागेच आहेत.

गट लहान असतात, दहा-बारा मुलांचे, आणि हे मला फार आवडलं. शिक्षिका प्रत्येकाला रोज उभं करून विचारते, मागच्या बाकावर लपायला जागाच नाही. आमची मुलगी इथे वर्गात तोंड उघडायची नाही. पहिल्या हिवाळ्यात रात्री तिचा फोन आला (तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे माझी नाइट असली की आमचं बोलणं बरं होतं) आणि तिने मला कवटीच्या तळाची छिद्रं एकेक करून सांगितली, कोणत्या छिद्रातून कोणती नस बाहेर पडते ते. मी ड्युटीरूममध्ये बसून ऐकत होते. मला त्यातलं निम्मंही पडताळता आलं नसतं, पण सांगताना ती कुठे अडखळत नव्हती.

ओएस्के पद्धतीची परीक्षा हीही मोठी जमेची बाजू. खोल्या मांडलेल्या असतात, प्रत्येक खोलीत एक काम, घड्याळ लावून. एकीत पुतळ्यावर सीपीआर, दुसरीत ईसीजी वाचायचा, तिसरीत रुग्ण म्हणून बसवलेल्या माणसाला आजाराची माहिती विचारायची. हात धुतले नाहीत तर गुण जातात, पेशंटला स्वतःचं नाव सांगितलं नाही तरी जातात. माझ्या मते हे शिक्षण उत्तम आहे. सरकारी सेवेच्या बॉण्डवर येणारे नवे डॉक्टर आम्ही नर्स पाहत असतो. पहिल्या रात्रीच कळतं, कोण पेशंटच्या पोटावर हात ठेवतो आणि कोण दारातून विचारतो. माझी मुलगी हात ठेवणारी डॉक्टर व्हावी, एवढ्यासाठी माझा हा सगळा आटापिटा आहे.

आणि नेमकं तिथेच या अभ्यासक्रमाचा दीड गुण मी कापला. तिसऱ्या वर्षापासून मुलं रुग्णालयात जातात. पेशंट जॉर्जियन बोलतो, म्हातारी माणसं रशियनही. पहिल्या दोन वर्षांत जॉर्जियन भाषेचे तास असतात, पण बरीच मुलं ते पास होण्यापुरतेच करतात. मग वॉर्डात काय होतं? शिक्षक पेशंटशी बोलतात, इंग्रजीत सांगतात, मुलं वहीत लिहितात. दहा मुलं खाटेभोवती उभी आणि पेशंटचा हात एकाच्याही हातात नाही. मी हिला पहिल्या वर्षीच बजावलं होतं, "बाय, ती भाषा शिक. दुखतं कुठे, कधीपासून, जेवण जातं का, एवढं तरी पेशंटच्या तोंडून तुला कळलं पाहिजे." तिने मनावर घेतलं. ज्या आजीकडे आता भाड्याने राहते तिच्याशी ती जॉर्जियनच बोलते. चौथ्या वर्षी तिच्या गटात माहिती विचारायला शिक्षक तिलाच पुढे करतात. हे विद्यापीठाने सगळ्यांकडून सक्तीने करून घ्यायला हवं. मुलाच्या मर्जीवर ते सोडू नये.

दुसरी उणीव म्हणजे आजार. तिबिलिसीच्या वॉर्डात तिने हृदयाचे, दम्याचे, थायरॉईडचे रुग्ण पाहिले. आमच्याकडचा पावसाळा तिने तिथे कुठून पाहावा? म्हणून दर सुट्टीत ती येते तेव्हा मी आमच्या वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घेते. ती फक्त निरीक्षक म्हणून उभी राहते, उपचारात हात घालत नाही. जुलैत ती घरी असते तेव्हा भाताची लावणी चालू असते. तापाचा माणूस येतो, डोळे लाल, पोटऱ्या धरून बसलेला. लेप्टोचा, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय घ्यायला इथल्या आशाताईलाही सांगावं लागत नाही. मुलीने त्याचा जंतू लेप्टोस्पायरा पुस्तकात वाचला होता, चिखलात दिवसभर उभा राहिलेला माणूस पाहिला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात एका बाईंना गवत काढताना फुरसं (विषारी साप) चावलं. रक्त गोठण्याचे सगळे घटक मुलीला आकड्यांसकट पाठ. पण वीस मिनिटांची ती साधी चाचणी तिने पाहिली नव्हती. काचेची कोरी, कोरडी टेस्टट्यूब, त्यात दोन मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात भिनलेलं आहे. मी ट्यूब तिच्यासमोर ठेवली आणि घड्याळ बघायला सांगितलं. वीस मिनिटांनी रक्त पाण्यासारखं वाहिलं, डॉक्टरांनी लगेच सर्पविषविरोधी औषध सुरू केलं. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या रात्री मुलीने मला विंचूदंशाबद्दल विचारलं. मी तिला महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांबद्दल सांगितलं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती तेव्हा त्यांनी महाडसारख्या गावात राहून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. तिने त्यांचे लेख शोधून वाचले. तिबिलिसीत तिच्या फार्माकॉलॉजीच्या शिक्षिकेला प्राझोसिन रक्तदाबाचं औषध म्हणून माहीत होतं, विंचवासाठी नाही. मुलीने वर्गात ते मांडलं. शिक्षिकेने पुढच्या तासाला पूर्ण वेळ तिला दिला. अशा शिक्षिका तिथे आहेत, हेही या अभिप्रायात यायला हवं.

ही उणीव पुढे परीक्षेत भोवते. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची चाळणी परीक्षा, द्यावी लागते. जून आणि डिसेंबर अशा सत्रांत वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५०, चुकीला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण जून २०२४ च्या सत्रात बसलेल्या पाच मुलांमागे जेमतेम एक पास झाला. त्यात सामाजिक वैद्यकशास्त्राचे सुमारे ३० प्रश्न असतात. आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातलं मनुष्यबळ हे त्यात येतं. जॉर्जियातला कोणताही प्राध्यापक हे शिकवणार नाही, शिकवावं अशी अपेक्षाही नाही. आमच्या मुलीने तिसऱ्या वर्षापासून भारतीय पुस्तकं नेली आहेत. लसीकरणाच्या दिवशी ती माझ्याबरोबर उपकेंद्रात बसते, शीतसाखळीच्या पेटीत आइसपॅक कसे लावतात ते तिथल्या नर्सकडून (एएनएमकडून) शिकते. कन्सल्टन्सीवाले "एफएमजीई कोचिंग फ्री" म्हणतात ते म्हणजे रेकॉर्ड केलेली व्याख्यानं. त्यावर विसंबू नका.

कर्जाबद्दल थोडं, कारण कोकणात याची अडचण वेगळी आहे. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. आमची हापूसची कलमं आहेत, पण सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची नावं, आणि तशीही शेतजमीन बँकेला तारण म्हणून नको असते. शेवटी मुलीच्या बाबांचा शृंगारतळीतला गाळा तारण ठेवला. फी वर्षाला साडेपाच हजार डॉलर. विद्यापीठाने ती वाढवलेली नाही, पण पहिल्या वर्षी डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता, नंतर तो ८५ च्या वर गेला, तेव्हा आम्हाला ती दरवर्षी वाढतेच. सहा वर्षांचा हिशेब आजच्या दराने करू नका.

हप्ते सुरू होण्याची तारीखही बघा. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष, असा नियम असतो. आमच्या मुलीचा अभ्यासक्रम २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर एफएमजीई, मग भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप. परदेशातून आलेल्यांसाठी प्रत्येक कॉलेजात एकूण जागांच्या साडेसात टक्केच जागा असतात, त्यामुळे तिथेही थांबावं लागू शकतं. म्हणजे पगार सुरू व्हायच्या आधी हप्ता सुरू होणार. मंजुरीपत्र टाइप होण्याआधी मी शाखाधिकाऱ्यांसमोर हा हिशेब कागदावर मांडला. त्यांनी प्रकरण वर पाठवून इंटर्नशिपचं वर्ष मुदतीत धरून घेतलं. तुम्ही मागितलं नाही तर आपणहून कोणी देणार नाही.

मुलगी रडली का, आठवण येते का, थंडी सोसते का, हेही लोक विचारतात. पहिल्या हिवाळ्यात रडली. आता कुळीथ पीठ आणि कोकमं नेते, भात स्वतः शिजवते, आणि तिच्या घरमालकीण आजीला सोलकढी आवडते.

परवा राजापूरहून माझ्याच एका सहकारी सिस्टरचा फोन होता. मुलाला यंदा नीटमध्ये कमी गुण आहेत, दुसऱ्या एका देशातल्या कॉलेजचं पत्र आलंय, पैसे भरायची मुदत आठवड्याची. मी तिला म्हटलं, मुदत वाढवून माग आणि आधी तिथल्या मुलांशी बोल. कन्सल्टन्सी तुला पहिल्या वर्षाच्या मुलाचा नंबर देईल, त्याने अजून पेशंट पाहिलेला नसतो. तू चौथ्या-पाचव्या वर्षाचा मुलगा गाठ, तोही त्यांनी निवडून दिलेला नको, आपल्या ओळखीतून काढलेला. मेसचं, हॉस्टेलचं त्याला विचारू नकोस. गेल्या आठवड्यात तू स्वतः किती पेशंटना तपासलंस आणि त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोललास, एवढंच विचार, आणि तो उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघ.